आधी आपलं डोकं

"थुंकायचं असेल तर बाहेर जा, वहिनी. इथं माल पडलाय."

माल म्हणे! उजवा हात मी अंगापासून लांब धरून उभी होते. उशीचं तोंड शिवताना कापूस आत दाबायला गेले आणि बोटांना काहीतरी चिकट लागलं. ओढून काढलं तर कापसाचा बोळा, मधोमध वाळलेला पिवळा-तपकिरी डाग, आणि त्याला दवाखान्यातली चिकटपट्टी लोंबतेय. कुणाच्या गळवावरची होती की आणखी कुठली, देव जाणे. तोंडात थुंकी जमली.

"भाऊजी, कुठून आणला हा कापूस?"

"दवाखान्याच्या मागं पोती टाकतात. फुकट जातंय सगळं."

"फुकट जात नाही हो, जाळायला ठेवतात ते!"

"हळू बोला. पिंजला की कापूस सगळा सारखाच. खोळ पांढरीशुभ्र आहे ना? झालं तर."

हा माझा धाकटा दीर. आमचं घर गाद्या-उशा करणारं. सासरे पिंजायचे, भरायचे; मी खोळी शिवायची आणि भरलेल्या उशांची तोंडं शिवायची. माझा नवरा गेला, मग धुळीनं सासऱ्यांची छाती धरली आणि त्यांनी अंथरूण धरलं. तेव्हापासून पिंजणं आणि भरणं दिराकडं. हल्ली तो उशांवर निलगिरीचं तेल शिंपडायचा आणि बाजारात औषधी उशी म्हणून विकायचा. मी आपली म्हणायचे, पोरगं हुशार निघालं हो! आता कळलं ते तेल कशाला लागत होतं.

सासऱ्यांना सगळे अप्पा म्हणतात. अप्पांनी आयुष्यभर एक नेम पाळला. उशी घराबाहेर जायच्या आधी ती ज्यानं भरली त्यानं तिच्यावर डोकं ठेवायचं, तेही गिऱ्हाइकाच्या देखत. कुठं गुठळी टोचते, कुठं कापूस सरकतो, ते डोक्याला कळतं, हाताला नाही, असं त्यांचं म्हणणं. गिऱ्हाईक समोर उभं आणि हे दारातल्या बाकावर खुशाल आडवे! लोक हसायचे, पण दुसरीकडं जायचे नाहीत. "आधी आपलं डोकं, मग लोकांचं," एवढंच अप्पा सांगायचे. आजारपणातही खाटेवरून विचारायचे, "डोकं ठेवलंस का रे?" आणि दीर अंगणातूनच ओरडायचा, "ठेवलं, अप्पा!"

कसलं ठेवतोय! महिनोन्‌महिने मी त्याला उशीवर टेकलेला पाहिला नव्हता.

"वसतिगृहाच्या बाई आज येणार आहेत," मी म्हटलं. "लहान लहान पोरं झोपणार ह्याच्यावर. गाल टेकून झोपणार. लाज नाही वाटत?"

"लाज खाऊन पोट भरतं का? ही एक ऑर्डर आहे म्हणून घर चाललंय. तोंड उघडाल तर उद्या तुम्हालाच काम राहणार नाही. कुठं जाणार? माहेरी कोण बसलंय तुमचं?"

हे मात्र खरं होतं. माहेरचं दार कधीच बंद झालंय. शिवण गेलं तर मला दुसरं काही येत नाही. मी उशी तशीच खाली ठेवली. हात साबणानं घासले, राखेनं घासले, पुन्हा साबणानं. तरी बोटांचा वास जाईना. तशा हातांनी अप्पांच्या कानामागं मलम लावायला गेले आणि माझीच मला किळस आली.

अप्पांच्या कानामागं आणि मानेवर फोड उठले होते. झोपून झोपून होतं असं, आम्ही समजत होतो. एक बरा होई, दुसरा येई.

"आज हात का आखडतेस गं?" अप्पांनी विचारलं.

"काही नाही, अप्पा. कामं पडलीत."

"उशा झाल्या पोरांच्या? नीट भर म्हणावं त्याला. आता हात बसलाय त्याचा. माझी ही उशी बघ कशी भरलीय. एक गुठळी नाही."

तेवढ्यात बाई आल्या. दिरानं उशांची चळत बाकावर मांडली, हात जोडले, तेलाचं झाकण उघडंच ठेवलं होतं.

"बघा बाई, औषधी माल. पोरांना सर्दी व्हायची नाही."

"छान वास येतोय हो," बाई म्हणाल्या आणि वरची उशी उचलून गालाला लावायला निघाल्या.

माझ्यानं राहवलं नाही. "थांबा बाई! आमच्यात भरणाऱ्यानं आधी डोकं ठेवायचं असतं. ठेवा, भाऊजी."

दिरानं माझ्याकडं असं बघितलं की जमलं असतं तर जिवंत गाडलं असतं. "ते जुनं झालं आता. बाईंना घाई आहे."

"मला कुठं घाई आहे?" बाई हसल्या. "ऐकलंय मी ह्याबद्दल. ठेवा की."

आतून अप्पांचा आवाज आला, "ठेव रे! बाईंना दिसू दे."

आता सुटका नव्हती. दीर बाकावर बसला. उशी पुढं ओढली, दाबली, उलटी केली. मग खांद्यावरचा टॉवेल काढला, उशीवर नीट पसरला, कोपरेसुद्धा झाकले, आणि मग त्यावर डोकं टेकलं. टेकलं कसलं, मान ताठ धरून अधांतरी ठेवलं.

बाईंचं हसू गेलं. "टॉवेल कशाला?"

"घाम आहे डोक्याला. माल खराब नको व्हायला."

"अप्पांनी तर कधी टॉवेल घातला नाही," मी म्हटलं, कात्री उचलली आणि चळतीतली एक उशी ओढून उभी फाडली. मघासारखाच चिकटपट्टीवाला बोळा बाकावर पडला. त्याच्यामागून आणखी एक आला, काळा पडलेला. बाईंनी तोंडावर हात दाबला. तशाच पायऱ्या उतरून गेल्या. फाटकापाशी ओकल्या बिचाऱ्या.

"झालं समाधान? घर बुडवलंत," दीर म्हणाला.

"काय झालं रे? कोण गेलं?" अप्पा विचारत होते. कुणीतरी सांगायला हवं होतं, म्हणून मी आत गेले आणि सांगितलं. सगळं सांगितलं, बोळ्यासकट. धुळीनं अप्पांचं नाक कधीच गेलंय, त्यांना वास कळायचा प्रश्नच नव्हता. त्यांनी मानेखालची उशी हातानं चाचपली.

मग हळूच मान उचलून म्हणाले, "माझी पण उसव गं."

"ती नको!" दीर दारातून ओरडला. "ती नको, वहिनी. ती राहू द्या."

मी वळून त्याच्याकडं बघितलं. अप्पांनीही बघितलं.

"ही कधी भरलीस?" त्यांनी विचारलं.

तो खाटेपाशी आला आणि खाली बघत पुटपुटला, "सगळ्यात आधी. तुम्हाला पसंत पडते का ते बघायचं होतं. तुमच्या डोक्याला पसंत पडली, तर बाजारात कुणी नाव ठेवणार नाही, असं वाटलं."

अप्पांचा हात कानामागं गेला, फोडांवर थांबला. "पसंत पडली की," ते म्हणाले. "छान भरलीस म्हणून सांगितलं होतं मी तुला."

मी त्यांच्या मानेखालून उशी काढली, माझ्या मांडीवर त्यांचं डोकं घेतलं, आणि तिथूनच, बाहेरबिहेर न जाता, दिराच्या पायापाशी थुंकले.