फुलवंताचे पाय

एकोडीत रोवणा, म्हणजे धानाची लावणी, सुरू झाला की गावात माणूस सापडत नाही. दारांना कड्या, अंगणात कोंबड्या, आणि ज्याला म्हणून चालता येतं तो बांधीत, धानाच्या खाचरात. त्या वर्षी कामिनी तेवढी घरात होती, तीही खाटेवर, पायांखाली दोन उशा घेऊन. पाचवा महिना लागला होता आणि साकोलीच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की उठायचं ते फक्त न्हाणीपुरतं. आदल्या वर्षीचं चौथ्या महिन्यात गेलं होतं, म्हणून यंदा कोणी जोखीम घ्यायला तयार नव्हतं.

त्या गेलेल्याबद्दल घरात कोणी चकार शब्द काढला नव्हता. नवरा वीरेंद्र भला माणूस, पण विषय निघाला की त्याला नेमकं गोठ्यात काहीतरी काम आठवे. सासू रुखमिणीबाई मुळातच कमी बोलणाऱ्या. दवाखान्यातून आल्यावर त्यांनी सुनेला पाणी तापवून दिलं, डोक्याला तेल लावलं, आणि पुढं काही नाही. सासूच्या मनात आपल्याबद्दल अढी आहे, असा कामिनीनं त्या गप्प बसण्याचा अर्थ लावला होता. अर्थ लावण्यात ती पटाईत होती, आणि एकटीनं खाटेवर पडून राहिलेल्या बाईला दुसरा उद्योग तरी काय असतो?

सुदैवानं अर्थ लावायला तिच्याकडे आणखी एक गोष्ट होती. दर गुरुवारी मोबाइलवर ‘फुलवंताची बांधी’ ही चित्रकथा येई. पुण्यात राहणारी रक्षा नावाची कोणी ती काढायची. तिचे आजोबा भंडाऱ्याकडचे, याखेरीज तिच्याबद्दल कोणालाच काही ठाऊक नव्हतं. गोष्ट तलावाकाठच्या एका गावाची. फुलवंता ही नवी सून, पोटुशी, नवरा दूर कामाला गेलेला, आणि गावचा तलाव काही केल्या भरत नाही. ही चित्रकथा वाचणाऱ्यांचा एक ग्रुप होता. पुढं काय होणार यावर तिथं लोक कामधंदा सोडून भांडत. रक्षाही त्या ग्रुपवर होती, पण ती कधी एक अक्षर बोलत नसे.

ग्रुपचे पुढारी म्हणजे मोहाडीचे चंद्रकुमार सर, मराठीचे निवृत्त शिक्षक. सरांना प्रत्येक चौकटीत जुन्या वाङ्मयाचा संदर्भ दिसे. तलावाच्या पाळीवर सात बाया दिसल्या की ती जात्यावर सांगितली जाणारी सात जावांची कहाणी. एकदा एका कोपऱ्यात कावळा दिसला, तर त्या कावळ्यावर आणि माहेरच्या ओव्यांवर सरांनी इतकं लिहिलं की वाचता वाचता कामिनीचा चहा निवला. तरी तिला सर आवडायचे. दिवसभरात तिच्याशी एवढं बोलणारं दुसरं होतं कोण?

त्या गुरुवारी फुलवंता बांधीत उतरली. तीन चौकटी होत्या. पहिलीत ती अलीकडच्या धुऱ्याजवळ, म्हणजे बांधाजवळ, दुसरीत मधोमध, तिसरीत पलीकडच्या धुऱ्याजवळ, हातात मूठभर पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, वाकलेली, तिन्हींत तोंड पलीकडेच. बाकी सगळ्यांनी ‘सुंदर, सुंदर’ म्हटलं. कामिनी मात्र उशीवरून वर सरकली. फुलवंता समोर चालली होती. रोवणाऱ्या बाया मागं मागं सरकतात. समोर चाललं तर आपणच लावलेलं रोप आपल्याच पायाखाली येईल, हे एकोडीतल्या शेंबड्या पोरालाही कळतं. मग ही बाई समोर का चालली?

कामिनीनं मागचे सगळे भाग उघडून पाहिले. फुलवंताचे पाय कुठंच दिसत नव्हते. कधी चिखलात, कधी लुगड्याच्या काठाआड, कधी मडक्यामागं. तिच्या अंगावर काटा आला आणि तितकाच आनंदही झाला. तिनं ग्रुपवर लिहिलं, ‘भुताचे पाय उलटे असतात. ज्याचे पाय उलटे, त्याचं मागं जाणं म्हणजे समोर जाणं. फुलवंता जिवंत नाही.’

ग्रुपवर नुसता गदारोळ झाला. सरांनी तर शिक्कामोर्तबच केलं. तलावाला पाणी लागत नाही म्हणून घरच्या सुनेला तळाशी उभं करतात आणि मग पाणी चढतं, ही कहाणी जुन्या बायका घरोघरी सांगत. फुलवंता केव्हाच दिली गेली आहे, आपण तिची सावली पाहतो आहोत. ‘कामिनीताई, धन्य आहे तुमची,’ असं सरांनी शेवटी लिहिलं. बाकीच्यांनी नमस्काराच्या हातांची रांग लावली. कामिनीला इतकं कौतुक लग्नातसुद्धा मिळालं नव्हतं.

कौतुक ओसरलं तसं तिच्या ध्यानात आलं की आपण काय करून बसलो. फुलवंता नाही, म्हणजे तिच्या पोटातलंही नाही. कामिनीचा हात आपसूक पोटावर गेला. गेले कित्येक गुरुवार ती त्या बाईच्या जोडीनं दिवस ढकलत होती. तिचं नीट होईल तर आपलंही होईल, असं तिनं मनाशी धरून ठेवलं होतं, कोणाला न सांगता. आणि आता तिनंच स्वतःच्या हुशारीनं तिला मारून टाकलं होतं.

तिनं घाईघाईनं लिहिलं, ‘चित्र चुकलं असेल.’ कोणी ऐकेना. ‘अहो, कलावंत असा चुकत नसतो,’ सरांनी समजावलं. कामिनीनं फोन पालथा ठेवला आणि झाकून ठेवलेल्या जेवणाकडे पाहिलंही नाही.

दिवस कलायला रुखमिणीबाई परतल्या. पोटऱ्यांपर्यंत चिखल, पदर खोचलेला. ताट तसंच पाहून त्या दारातच थांबल्या.

“जेवली काहून नाही?”

“भूक नोहोती, आई.”

“डोरे लाल हायेत. रडून राहिली होती काय?”

आता बोलणी बसणार, असं धरून कामिनीनं सगळं सांगून टाकलं. फुलवंता, तिचे पाय, तलावाला दिलेली सून. रुखमिणीबाईंनी हात धुतले, पदराला कोरडे केले, फोन घेतला आणि लांब धरून बराच वेळ पाहिला.

“हे हिरवं का हाय? इच्या समोर?”

“पऱ्हे.”

“अन् मांगं?”

“मांगंबी पऱ्हेच.”

“मंग रोवणा झाला हाय इचा. हे रोवून नाही राहिली.” त्या खाटेच्या कडेला टेकल्या, चिखलाच्या लुगड्यासकट. “रोवणा झाल्यावर आठ-दहा दिवसानं बांधीत जाऊन पाहा लागते. काही रोपं मरतेत. किती जपलं तरी मरतेत. कोनाचा हात वाईट हाय म्हनून नाही. पानी कमी पडते, खेकडा कापते, कधी कधी तं काहीच नाही होत अन् तरी मरते. मंग मुठीत पऱ्हे घेऊन समोर समोर जाचं, अन् जागा खाली दिसली का तेथंच दुसरं लावाचं. मांगं मांगं सरकून खाली जागा कशी दिसन?”

“तेथंच?”

“तेथंच. आपन बांधी बदलतो काय?” त्यांनी फोन परत दिला. “अन् मांगून लावलेलं काही कमी नाही पिकत. कापाच्या टाइमाले कोनतं पह्यलं अन् कोनतं मांगचं, मले तं आजवर ओळखता नाही आलं. लिही तुह्या मास्तरले, जित्ती हाय म्हना.”

एवढं बोलून त्या चुलीकडे गेल्या. कामिनीनं शब्द न् शब्द लिहून पाठवला आणि ताट ओढून घेतलं. मग सर आले. ‘मांगून लावलेलं काही कमी नाही पिकत,’ हे वाक्य त्यांनी तीनदा वाचलं म्हणे. सात जावांची आणि तलावाची अशा दोन्ही कहाण्या त्यांनी मागं घेतल्या. कावळा मात्र ठेवला.

तेव्हापासून रोज बांधीतून आल्या की रुखमिणीबाई विचारू लागल्या, “बोलली काय ते पुन्याची?” सासू आपल्याला काही विचारते, याचंच कामिनीला अप्रूप वाटे. दोघी मिळून पुढं काय होईल ते ठरवत. फुलवंताचा नवरा दिवाळीला येईल, असं रुखमिणीबाईंचं मत होतं.

आणि एक दिवस रक्षा खरंच बोलली. ‘तुम्ही सगळे इतक्या प्रेमानं वाचता की खोटं बोलवत नाही,’ तिनं लिहिलं होतं. ‘मी आयुष्यात बांधीत उतरलेली नाही. बाया मागं सरकत रोवतात, हे मला तुमच्याच चर्चेतून कळलं. रोपं सगळीकडे काढली कारण हिरवं छान दिसत होतं. पाय दाखवत नाही कारण मला पाय काढता येत नाहीत. चुकले. फुलवंता जिवंत आहे की नाही, हे मी अजून ठरवलेलंच नाही.’

आईंना काय सांगायचं? त्या पडवीत बसून पायाच्या बोटांतल्या चिखल्यांना हळद-तेल लावत होत्या. विचारण्याआधीच तिनं सांगून टाकलं.

“आई, ते चूक होती. त्या बाईले रोवणा मालूमच नाही.”

रुखमिणीबाई हसल्या. हसताना त्या इतक्या तरुण दिसतात, हे कामिनीनं कधी पाहिलं नव्हतं. “चुकली तं चुकली. लहान असन पोरगी.”

“पन तुमी एवढं समजावून सांगितलं. तिच्या मनात तसं काहीच नोहोतं.”

“मी तिले कायले समजावू?” त्या बोटांकडेच पाहत म्हणाल्या. “मी तं तुले सांगत होती.”

कामिनीनं फोन बाजूला ठेवला.

“साल झालं, सांगाचं होतं,” रुखमिणीबाई म्हणाल्या. “तोंडातून निंघे नाही. नाव काढलं तं तू रडशीन, असं वाटे. मंग तू ते चित्र दाखवलं, तं बोलता आलं.”

कामिनी रडलीच, पण ते रडणं वेगळं होतं. वर्षभर ज्या गप्प बसण्याला ती अढी म्हणत आली, ते आईंचं बोलायला जागा शोधणं होतं. रुखमिणीबाई उठून आत आल्या आणि तेलाचा हात तिच्या कपाळावर ठेवून तशाच उभ्या राहिल्या. पुण्यात बसून चुकीचं चित्र काढणाऱ्या त्या पोरीचे कामिनीला फार फार उपकार वाटले.

सकाळी तिनं तिला लिहिलं, ‘रक्षाताई, फुलवंताचं तुम्ही सावकाश ठरवा. आमच्याकडे आता घाई नाही.’