आधी काय होतं?

निजामाच्या काळी तुळजापुरात सभा घ्यायची तर सरकारी परवानगी लागे. म्हणून वसंतरावांनी कीर्तनाचं निमित्त करून मठात दोन दिवसांचा वाद ठेवला. हे विश्व देवानं केलं की आपसूक झालं? एका बाजूला हैदराबादेहून विज्ञान शिकून आलेले वसंतराव, दुसऱ्या बाजूला मठात पुराण सांगणारे नारायणशास्त्री.

वनमाला ही वसंतरावांची भावजय. आळीतल्या मुलींना ती घरी शिकवायची, आणि दिराची पुस्तकं तिनं एकूण एक वाचून काढली होती. खांबांमागं बायकांत बसून ती कानांत प्राण आणून ऐकत होती. वसंतराव म्हणाले, आधी तप्त वायू होता, तो निवत निवत सूर्य-तारे झाले. शास्त्री म्हणाले, कुंभारावाचून मडकं घडत नाही. दोघांनाही टाळ्या पडल्या. वनमालेला राहवेना. ती उभी राहिली.

“भावजी, तो वायू आला कुठनं? आणि शास्त्रीबुवा, कुंभाराला कुणी घडवलं? ठाऊक नसेल तर दोघांनीही तसं सांगावं.”

बायकांनी आरतीचं बघावं, असं शास्त्री हसून म्हणाले. त्याचं तिला नवल वाटलं नाही. पण वसंतरावही हसले.

“वहिनी, हे गणित आहे. तुम्हाला कळायचं नाही.”

तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

सकाळी वसंतरावांनी निरोप आणला की, वहिनींनी माफी मागितली तरच शास्त्री पुढं बोलतील. नवरा खाली मान घालून सुपारी कातरत राहिला.

“देवाकडं पुरावा मागता, भावजी,” ती म्हणाली, “आणि माझ्याकडं माफी?”

संध्याकाळी ती मठात थेट पुढं जाऊन बसली. कुजबुज सुरू झाली. तेवढ्यात खांबामागनं शेजारच्या म्हाळसाबाई उठल्या. देवीच्या दर्शनाशिवाय पाणीही न पिणारी ही बाई तिच्याजवळ येऊन बसली.

“जग आईनंच केलंय, मला त्यात शंका न्हाय,” त्या म्हणाल्या. “पर तुला गप बसवणारे हे कोण?”

मागोमाग आणखी बायका आल्या. शास्त्रींनी पोथी गुंडाळली आणि ते निघाले. त्यांची समजूत काढत वसंतरावही मागं गेले. विश्वावरून न जमलेलं दोघांचं इथं मात्र जमलं. वाद मोडल्याचं खापर वनमालेवर फुटलं.

पुढं कितीतरी दिवस दिराला वाढताना ती बोलत नसे. एकदा जेवता जेवता वसंतराव हळूच म्हणाले, “वायू कुठनं आला, ते खरंच कुणाला ठाऊक नाही.”

“हे चारचौघांत सांगा,” ती म्हणाली, आणि भाताचं पातेलं उचलून आत निघून गेली.