बाहेर निघालेली पावलं

झाकण जरा उघडं ठेवा, म्हणजे माझं बोलणं नीट ऐकू येईल. मी बिस्किटांचा डबा बोलतोय. अंगाला वास सुकटीचा येतो, हे मला ठाऊक आहे. पण माणूस कपड्यावरून ओळखू नये आणि डबा वासावरून ओळखू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

माझा जन्म विलायतेतला. माझ्या झाकणावर छत्री घेतलेली एक मडम होती. आता तिची छत्रीच तेवढी शिल्लक आहे. आगबोटीतून मी मुंबईला एका साहेबाच्या बंगल्यावर आलो. बिस्किटं संपली तेव्हा वाटलं, आता आपली रवानगी भंगारात. पण साहेबाच्या मुलाचा वाढदिवस आला आणि बंगल्यातल्या मडमेनं मला खेळण्यांनी भरून बागेत कुंड्यांमागे लपवलं. झाडाझाडांवर कागदाचे बाण लावले. पोरं बाणांच्या मागोमाग धावली, मी सापडलो, टाळ्या झाल्या आणि तो मुलगा पळत जाऊन बापाच्या गळ्यात पडला.

सरबताचा ट्रे हातात धरून साहेबाचा बटलर महिपत हे सगळं बघत होता. खेळण्यांकडे त्याचं लक्षच नव्हतं. तो त्या गळ्यात पडलेल्या हातांकडे बघत होता. दुसऱ्या दिवशी त्यानं मला साहेबाकडून मागून घेतलं.

महिपत रत्नागिरीजवळच्या मिरजोळ्याचा. साल अठ्ठावीस असावं. त्या चैत्रात कशीबशी रजा मिळवून तो बोटीनं गावी आला. ट्रंकेत सर्वांत वर मी होतो. त्याची लेक हौसा, तो मागं येऊन गेला तेव्हा रांगत होती. आता ती अंगणभर पळत होती. महिपतनं हात पुढे केले, तशी ती आजीच्या लुगड्यामागे लपली आणि तिथूनच विचारलं, "आजी, ह्यो पाव्हणा कदी जायचा?"

महिपत हसला. पण मी त्याच्या काखेत होतो, त्याचा हात कसा सैल पडला ते मला कळलं. पोरीनं एकदा तरी 'बाबा' म्हणावं, एवढंच त्याला हवं होतं, आणि परतीची बोट जवळ आली होती. ती खाऊ घ्यायची तोही आजीच्या हातून. मग त्याला तो वाढदिवस आठवला.

"आये, हौसा कंच्या तारखेला झाली गो?"

गोदूबाई काजी फोडत बसल्या होत्या. "झाली तवा काजी पिकल्या व्हत्या."

"पन तारीख?"

"तारीख कोर्टात असते. घरात कशाला व्हवी?"

शेवटी काजी आताही पिकल्याच आहेत, असा विचार करून महिपतनं परवाचा दिवस ठरवून टाकला. वाढदिवस म्हणजे नक्की काय करतात हे गोदूबाईंना कळलं नाही, पण देवापुढे ठेवायला काही गोड हवं, इतकं त्यांनी स्वतःच ठरवलं आणि बरक्या फणसाच्या रसात रवा-गूळ घालून वाफवायच्या सांदणांची तयारी सुरू केली.

आता खजिना. हौसाला वाचता येत नव्हतं आणि बाण म्हणजे काय ते तिला माहीत नव्हतं. महिपतनं डोकं चालवलं. गौरीच्या सणाला पोरी पावलं काढतात, ती तर तिला ठाऊक! त्या दिवशी तांबडं फुटताच त्यानं तांदळाचं पीठ कालवलं आणि मुठीनं पावलं उठवायला घेतली. उंबऱ्यापासून थेट अंगणाच्या कडेच्या फणसापर्यंत. माझ्या पोटात काचेच्या बांगड्या आणि चावी दिली की उड्या मारणारा पत्र्याचा बेडूक घातला आणि मला फणसाच्या मुळाशी पाल्यात ठेवलं. बेत फक्त बायकोला, सगुणाला सांगितला होता. उन्हं अंगणात आली की तिनं हौसाला आणि शेजारच्या पोरांना पावलांच्या मागे सोडायचं. महिपत फणसामागे लपणार, हौसा मला उघडणार आणि मग... पुढचं त्यानं सांगितलं नाही, पण मी मुंबईत बघितलेलं होतं.

तो आंघोळीला विहिरीवर गेला. सगुणा गोठ्यात होती. तेवढ्यात शेणाची पाटी घेऊन गोदूबाई अंगण सारवायला बाहेर आल्या आणि पावलं बघून जागच्या जागी थिजल्या. पावलं घरातून बाहेर निघाली होती. घरची लक्ष्मी चालती झाली होती आणि तीही फणसाच्या दिशेनं!

असलं अभद्र तोंडातून काढू नये, म्हणून त्यांनी कुणालाही हाक मारली नाही. उकिडवं बसून भराभर सगळं सारवून टाकलं. उरलेलं पीठ तिथंच होतं, ते घेऊन फाटकापासून घरात येणारी नवी पावलं काढली. महिपतच्या पावलांपेक्षा ती सुबक होती, हे मला मान्य करावं लागेल. पाल्यातून मी हे बघत होतो आणि डब्याला ओरडता येत नाही याचं दुःख मला त्या दिवशी पहिल्यांदा झालं.

महिपत विहिरीकडून मागल्या वाटेनं आला आणि फणसामागे दबा धरून बसला. त्या फणसावर तांबडे मुंगळे होते. मुंबईत राहून तो तेही विसरला होता.

सगुणानं पोरं सोडली. "पावलां जातील तिकडं जा!"

पावलं घरात जात होती. पोरं घरात गेली. पुढचं मला ओटीवरच्या गप्पांतून कळलं. पावलं देव्हाऱ्यापाशी संपली आणि तिथं सांदणांची ताटली होती. पोरांच्या मते खजिना याहून वेगळा काय असणार? नैवेद्य दाखवायच्या आधीच ताटली रिकामी झाली.

इकडे घरातून आरडाओरडा ऐकू येत होता आणि महिपत माझ्याकडे बघत होता. मुंगळे धोतरातून वर चढत होते. तो ओठ चावून बसला, कारण पोर आता येईल, मग येईल. अखेर एक मुंगळा अशा जागी चावला की महिपत फणसामागून उसळून बाहेर आला आणि केसांत पाला, धोतराचा सोगा हातात, असा नाचतच अंगणात पोचला.

हाताला गूळ माखलेली हौसा दारात उभी होती. ती घाबरेल असं मला वाटलं. ती हसली. पोट धरून हसली. मग जवळ येऊन त्याच्या पाठीवरचा एक मुंगळा चिमटीत धरून काढला.

"तू तिकडं काय करत व्हतास?"

"लपलो व्हतो. तू सोदायचंस मना."

हौसानं विचार केला. "मंग पुन्ना लप."

त्या दिवशी महिपत कणगीमागे लपला, गोठ्यात लपला, गवताच्या उडवीत लपला. मला कुणी उघडलंसुद्धा नाही. संध्याकाळी सगुणानं आणून उघडलं, तेव्हा बेडकानं उडी मारली आणि गोदूबाईंनी त्याला केरसुणीनं धोपटलं. दिवसभर खेळाची धमाल झाली होती, पण 'बाबा' काही ऐकू आलं नव्हतं.

मग बोटीचा दिवस उजाडला. शेजारचा केरू त्याच बोटीनं जाणार होता, तो वळकटी घेऊन फाटकात उभा राहिला. महिपतनं ट्रंक उचलली, तर हौसा गायब. उडवीमागून परकराचा काठ दिसत होता. आज लपायची पाळी तिनं घेतली होती.

महिपतला तो काठ दिसला. मी ओटीवर होतो, मला नक्की माहीत आहे. तरी तो कणगीमागे शोधायला गेला. मग गोठ्यात. मग विहिरीत डोकावला.

"महिपत, बोटीवर न्हेनारा पडाव सुटंल," केरू म्हणाला. "बोट कुनासाठी थांबायची नाय."

"तू हो फुडं. पोर गावत नाय."

केरूनं उडवीकडे बघितलं, महिपतकडे बघितलं आणि वळकटी खांद्यावर टाकून निघून गेला. बऱ्याच वेळानं समुद्राकडून भोंगा ऐकू आला. महिपत ट्रंकेवर बसला. सगुणानं पदरानं तोंड पुसलं.

वाट बघून कंटाळलेली हौसा आपणच बाहेर आली. कमरेवर हात ठेवून त्याच्यासमोर उभी राहिली.

"बाबा, तुला सोदायलाच येत नाय."

साहेबानं पुढे काय शिव्या दिल्या त्या मला माहीत नाहीत. त्या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. बेडकाची चावी हरवली, बांगड्या फुटल्या, आणि मी फळीवर सुकट सांभाळत बसलो आहे. मांजर रोज भेटायला येतं, पण ते माझ्यासाठी नाही, हे मी जाणतो. तेव्हा सुकट काढलीत की झाकण घट्ट लावत जा.

आणि मुंबईहून येणाऱ्यांनो, घरी येताना डबे जरूर आणा, फळीवर मलाही सोबत होईल. पण परतीची बोट एकदा तरी चुकवा.