साबणाच्या हातानं निवडलेला चाकू

मी एक जुना चाकू आहे, मित्रांनो. भाजी चिरणारा नव्हे, आणि घडी करून खिशात टाकायचाही नव्हे. माझं पातं मिटतच नाही. ज्या पोलादी पट्टीचं पातं झालं, तीच पट्टी पुढे मुठीच्या टोकापर्यंत गेली आहे. तिच्या दोन्ही अंगांना लाकडी फळ्या लावून तीन पितळी रिवेट ठोकले, की झाली माझी मूठ. ज्या लोहारानं मला घडवलं, तो मला भट्टीत लाल करून तेलात बुडवताना एवढंच म्हणाला, "जा बाबा, कुणाच्या तरी उपयोगी पड." तो फार बोलत नसे. बडबड्या मीच निघालो.

पण उपयोगी पडणार कसा? दुकानदारानं मला काचेच्या कपाटात ठेवून कुलूप घातलं. माझ्या आयुष्यातलं हे पहिलं कुलूप. शेजारी एक दिमाखदार चाकू होता. पाठीला करवतीचे दात, पोकळ मुठीत काड्या आणि मासे धरायचा गळ, मुठीच्या टोपणावर होकायंत्र! माझ्याकडे बघून तो सारखा नाक मुरडायचा. गिऱ्हाईक आलं की त्याला बाहेर काढत, मला कुणी विचारत नसे. काचेआडून रस्ता दिसायचा आणि जीव नुसता तळमळायचा.

एके दिवशी एक उंच, सडपातळ माणूस आला. नदीच्या पाण्याची पातळी मोजायचं त्याचं काम. रोज होडीतून जायचं, पाण्यात रोवलेल्या पट्ट्यांवरचे आकडे वाचायचे, वहीत लिहायचे. लोक त्याला फूटपट्टी म्हणत, आणि त्याला त्याचं काही वाटत नसे.

"साहेब, हा बघा! ह्यात होकायंत्रसुद्धा आहे," दुकानदार म्हणाला.

"उत्तर कुठे आहे ते मला ठाऊक आहे हो. पातं मुठीत कुठवर गेलंय ते सांगा."

दुकानदारानं टोपण उघडून दाखवलं. दिमाखदाराचं पातं जेमतेम दोन बोटं आत होतं, आणि एका स्क्रूवर अडकलेलं होतं. मग फूटपट्टीनं आणखी नवल केलं. वाटीभर पाणी आणि साबणाची वडी मागितली, उजवा हात फेसानं माखला आणि एकेक चाकू त्या हातात धरून लाकडाच्या ठोकळ्यात रोवायला लागला. दिमाखदार पहिल्याच दणक्याला निसटला. मी निसटलो नाही.

"दोर पायात अडकला, तर माझ्याकडे एक ओला हात आणि दोन श्वास एवढंच असतं," फूटपट्टी म्हणाला. "तेवढ्यात काम उरकणारा पाहिजे. हा द्या."

मित्रांनो, हे वाक्य विसरू नका. मी विसरलो नाही.

पुढची सहा वर्षं काय सांगू! जाड कापडाच्या साध्या म्यानात मी त्याच्या कमरेला असायचो. पट्ट्यांवरचं शेवाळ खरवडलं, होडीच्या इंजिनाच्या पंख्यात गुंतलेली जाळी कापली, दुपारी सफरचंदसुद्धा चिरलं. आणि मग एका पुरात होडीच्या नांगराच्या दोरावर झाडाचा ओंडका येऊन आदळला. दोराचं वेटोळं फूटपट्टीच्या घोट्याला आवळलं आणि तो कमरेपर्यंत पाण्यात खेचला गेला. त्यानं मला उपसलं. एकच घाव. दोर तुटला, आणि दोघांचाही जीव भांड्यात पडला.

माझं नशीब फिरलं ते त्याच दिवशी. घरी आल्यावर तो बायकोला म्हणाला, "ह्यानं मला परत आणलं. आता ह्याला कामाला लावायचं नाही." त्यानं माझ्यासाठी जाडजूड चामड्याचं म्यान शिवून घेतलं, मला आत सरकवलं, बटण लावलं, वरून प्लास्टिकची पिशवी गुंडाळली आणि लोखंडी कपाटात ठेवून कुलूप लावलं. सगळं प्रेमापोटी! मी त्याच्यावर रागावणार तरी कसा?

पण आत काय चाललं होतं ते ऐका. चामडं ओल धरून ठेवतं, आणि ते कमावताना त्यात मुरलेले क्षार पोलादाला चावतात. पिशवीमुळे वारा नाही. आधी माझ्या धारेला खाज सुटली, मग पात्यावर खरखरीत खपली धरली. ती खपली चामड्याला चिकटली. अंग हलवायलाही जागा नव्हती. मी ओरडत होतो, "अरे, एकदा तरी उपसा मला!" पाहुणे आले की तो पिशवी बाहेर काढायचा, पुराची गोष्ट सांगायचा, सगळे वा वा करायचे आणि मी परत आत. नऊ वर्षांत मला एकदाही उपसलं नाही.

त्याची मुलगी मोठी झाली आणि बापाच्याच कामावर लागली.

"बाबा, तो चाकू मला द्या ना," कपाटाबाहेरून तिचा आवाज आला.

"तो नको गं. तो जपून ठेवलाय. तू नवीन घे एखादा."

"कपाटात कोण बुडतंय, बाबा?"

"उगाच तोंड चालवू नकोस!"

तिनं घडीचा चाकू घेतला. दोनच महिन्यांनी होडीच्या काठावर तिच्या उजव्या हाताला दोराचा फास बसला. डाव्या ओल्या हातानं चाकू उघडेना. तिनं दातांनी पातं ओढलं आणि दोर कापला. ती वाचली, पण तोवर शेवटची दोन बोटं गेली होती.

दवाखान्यातून ती घरी आली त्या दुपारी कपाटाचं कुलूप वाजलं. फूटपट्टीनं पिशवी सोडली. "घे. आजपासून हा तुझा," म्हणत त्यानं माझी मूठ ओढली. मी आलो नाही. त्यानं म्यान गुडघ्यांत धरून दोन्ही हातांनी ओढलं. तरी नाही. लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं मला! शेवटी बायकोनं विळीनं म्यानाची शिवण उसवली, तेव्हा कुठे मी बाहेर पडलो. तांबडा, खवल्याखवल्यांचा.

"मी ह्याला इतकं जपलं," तो रडत म्हणाला.

"बाबा, तुम्ही ह्याला कोंडून ठेवलंत," मुलगी हळूच म्हणाली. "आणा तो धार लावायचा दगड."

चार दुपारी ती दोघं अंगणात बसली. त्यानं धारेचा दगड घट्ट धरायचा आणि तिनं डाव्या हातानं मला घासायचं. माझ्या अंगावरचे खड्डे काही गेले नाहीत, पण धार आली. मग जखम भरल्यावर एके सकाळी फूटपट्टीनं वाटीभर पाणी आणि साबण आणला. मुलीनं उजवा, तीन बोटांचा हात फेसानं माखला, मला धरलं आणि ठोकळ्यात रोवलं. मी निसटलो तर काय, एवढीच मला भीती होती.

"घट्ट बसतोय?" बापानं विचारलं.

"घट्ट आहे, बाबा."

मित्रांनो, आता मी रोज तिच्या कमरेला असतो. म्यान प्लास्टिकचं आहे, खाली पाणी गळायला भोक आहे. घरी आलं की म्हातारा फूटपट्टी मला उपसतो, पुसतो, तेलाचं बोट फिरवतो आणि मोकळ्या हवेत खिळ्याला टांगतो. तुमच्याही घरात एखादी कामाची वस्तू प्रेमानं बांधून ठेवलेली असेल. मोठ्यांना सांगा, तिला बाहेर काढा, पुसा आणि कामाला लावा. मी वेळेवर बाहेर आलो असतो, तर ह्या मुठीवर आज पाच बोटं असती.