कंपनीची गच्ची

छकुली माझी धाकटी जाऊ. वाटण्या झाल्या तव्हापासून आमची घरं भिंतीला भिंत लागून, पण सासूबाईपासून गल्लीतल्या बायांपर्यंत सगळ्यांचे पाय तिच्याच दारात वळतात. असं काय हाय तिच्यात? चहा तर पाणचट करती. मी जळते म्हणा, खुशाल म्हणा.

मंग ती कंपनीची चिन्मयी आली. बदनापूरकडच्या खेड्यांत औषधं पोचवायच्या ड्रोनला जालन्यात उतरायची जागा पाहिजे होती. नकाशा घेऊन गल्लीभर हिंडली, विजेच्या तारा बघितल्या, पाण्याच्या टाक्या बघितल्या. मला म्हणाली, "रेणुकाताई, दोनच गच्च्या बराबर बसतात. तुमची आणि शेजारची. मी अधूनमधून येऊन बघीन. जी मोकळी राहील ती घेऊ."

मी तिथंच ठरवलं, ड्रोन माझ्याच घरी उतरणार. दुनिया माझ्या दारात येईल आन् छकुली भिंतीवरून मान उंच करून बघत बसंल.

दिवस वाळवणाचे होते. दरसाल गल्लीतल्या कुरडया माझ्या गच्चीवर पडायच्या, कारण ऊन तिथं संध्याकाळपर्यंत राहतं. वर्षातून तेवढ्यालाच बाया माझा जिना चढायच्या. गल्लीतली कडूबाई सकाळीच शिजवलेल्या चिकाचं पातेलं घेऊन आली. मी जिन्यात आडवी उभी राहिले.

"यंदा न्हाई जमायचं. गच्ची कंपनीला द्यायचीय."

"अगं, चीक निवला तर सोऱ्यातून उतरंल का?"

"मंग जा जल्दी छकुलीकडं," मीच म्हणलं. मुद्दामच म्हणलं. तिची गच्ची भरली की माझी पक्की, एवढं मला कळतं.

तसंच झालं. चिन्मयी आली तव्हा छकुलीच्या गच्चीवर पाय ठेवायला जागा न्हवती, माझी धुऊन लख्ख. कागद माझ्या नावानं झाले. मी गल्लीत पेढे वाटले, छकुलीला दोन जास्त दिले.

पण गच्चीला जाळी लागली, जिन्याला कुलूप. चावी कंपनीच्या माणसाकडं. पहिल्या दिवशी लोक आले, रस्त्यातूनच वर बघितलं आन् गेले. आता ड्रोन येतं, डबा घेऊन जातं, माझ्याशी त्याचं काय काम? आन् पलीकडं नुसता हशा चाललेला. सासूबाई सोऱ्या फिरवून राह्यल्या, छकुली वरून हाका मारती, "अक्का, या ना, गरम चीक खायला."

"मला काम हाय," म्हणलं. काम कसलं, भिंतीला टेकून त्यांचं हसणं ऐकत बसले.

पुढच्या खेपेला चिन्मयीनं विचारलं, "ड्रोनच्या वाऱ्यानं शेजारची वाळवणाची कापडं उडतात का? उडून पंख्यात अडकली तर धोका आहे. तसं असेल तर तिथलं वाळवण बंद करायला सांगावं लागेल."

मी एक फडकंसुद्धा हललेलं बघितलं न्हवतं.

"उडतात की," म्हणलं. "बिलकुल उडतात."

चिन्मयीनं वाळवण बंद करायला सांगितल्यावर छकुली भांडंल, निदान चार शब्द बोलंल असं वाटलं होतं. तिनं नुसती कापडं गोळा केली. दुसऱ्या दिवशी पातेली, सोऱ्या, सासूबाई, सगळं घेऊन बाया गोजरबाईच्या गच्चीवर गेल्या, पार गल्लीच्या त्या टोकाला. माझ्या दारावरूनच गेल्या. छकुलीनं हाक मारली न्हाई.

आता भिंतीला कान लावला तरी पलीकडून काही ऐकू येत न्हाई.