माझ्या नावावर खपलेलं खोटं

मित्रांनो, मी एक जुनी सुई आहे. गोधडी शिवणारी नव्हे, दंडात टोचणारीही नव्हे. मी हाडात शिरते. जिथं माणसाचं रक्त तयार होतं, तो कमरेच्या हाडातला मगज काढायचा, हे माझं काम. जाड पोलादाची, आतून पोकळ, वर मूठ. मला पाहून भल्याभल्यांची बोबडी वळायची आणि खरं सांगते, मला ते आवडायचं.

कर्जतच्या एका छोट्या दवाखान्यात डॉक्टर सुरभी मला वापरायच्या. काही घराण्यांत रक्ताचा कॅन्सर पिढ्यान्‌पिढ्या का येतो, जनुकांतला कोणता दोष आईबापांकडून मुलांत उतरतो, याचा त्या शोध घेत होत्या. काम झालं की त्या मला स्वतः धुवायच्या, वाफेत ठेवायच्या. "माझी जुनी मैत्रीण," म्हणायच्या. मी फुशारून जायचे.

एकदा भिवपुरीजवळच्या गावातली अंबाबाई दोन्ही मुलांना घेऊन आली. तिचा नवरा याच आजारानं गेला होता आणि आता थोरल्या राजेशनं अंथरूण धरलं होतं. धाकटी तेजश्री धडधाकट होती, साजगावात तिचं लग्न ठरलं होतं. डॉक्टरांना दोघांचाही मगज तपासायचा होता. मी टोचले तेव्हा राजेश गुरासारखा ओरडला. मग तेजश्री पालथी झोपली. जागा बधिर केली तरी मगज ओढताना जीव कासावीस होतो. पोरीनं हूं की चूं केलं नाही. उलट म्हणाली, "म्याडम, लागंल तेवढा घ्या. दादासाठी हाय ना?"

आधी जुळणीचा निकाल आला. बहिणीचा मगज भावाला तंतोतंत जुळत होता. तो दिला तर राजेश वाचण्याची आशा होती. डॉक्टरांनी आनंदाच्या भरात सगळ्यांसमोर सांगून टाकलं, घाईच केली. राजेशच्या बायकोनं, मैनेनं, गावभर पेढे वाटले.

मग जनुकांचा निकाल आला. राजेशमधला दोष तेजश्रीतही होता.

डॉक्टरांनी मायलेकींना आत बोलावलं. मी ट्रेमध्ये पडले होते.

"हिचा मगज आता त्याला देता येणार नाही. त्यातून तोच दोष परत जाईल. दुसरा दाता शोधू, पण वेळ थोडा आहे."

"मला पण व्हईल का?" तेजश्रीनं विचारलं.

"होईलच असं नाही. होणार नाही असंही सांगता येत नाही. तपासत राहावं लागेल."

अंबाबाईनं दाराला कडी घातली. मैना साजगावचीच, तेजश्रीचा होणारा नवरा तिचा चुलतभाऊ. राजेशला कळलं की मैनेला कळणार आणि लग्न मोडणार.

"जुळतंय म्हणून गावाला म्हायती हाय," अंबाबाई म्हणाली. "आता सांगू, पोरगी सुईला भ्याली."

"आई, हे चूक आहे," डॉक्टर म्हणाल्या. "पण तेजश्री, निर्णय तुझा. तू नको म्हणालीस तर मी कुणाला सांगणार नाही."

तेजश्रीनं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "भ्याले म्हणूनच सांग गं आये," ती म्हणाली.

दुसरा दाता मिळाला नाही. शेवटच्या दिवसांत राजेश याच दवाखान्यात होता. तेजश्री त्याचे पाय चोळत बसली होती. त्यानं पाय ओढून घेतले. "एका सुईपायी भाऊ घालवलास गं. जा, हळद लावून घे." तिनं त्याच्या पायांवर पांघरूण सारलं. मला मात्र मोडून पडावंसं वाटलं. तो तिच्याकडे पाठ करूनच गेला.

आणि लग्न? ते मैनेनंच मोडलं. "जी सख्ख्या भावाची झाली नाय, ती आमच्या घरची काय व्हणार?" असं तिनं दवाखान्याच्या दारात सर्वांदेखत विचारलं. अंबाबाई पदर तोंडात धरून उभी राहिली. खरं सांगायलाही आता उशीर झाला होता.

मित्रांनो, आता एकदाच वापरून फेकायच्या नव्या सुया आल्यात. माझी मूठ सैल झाली, टोक बोथट झालं. मी खणात पडून असते. तेजश्री अधूनमधून तपासायला येते. तिला पाहून बाहेरच्या बाकावरच्या बाया कुजबुजतात, "हीच ती, सुईला भ्यालेली." ती ऐकते आणि मुकाट्यानं पालथी झोपते.

मला घासूनपुसून ठेवा असं मी म्हणत नाही. फेकून दिलंत तरी चालेल. फक्त माझं नाव घेऊन कुणी त्या पोरीला भित्री म्हणालं, तर त्याला तिथंच थांबवा. मी तिच्या हाडात शिरले आहे. ती मला कधीच भ्याली नाही.