ठिणगी मागे चालते

आमच्या लहानपणी अख्ख्या गावात एकच रंगीत दिवा होता, चपलांच्या दुकानावरचा. लाल नळीचा एक बूट पेटायचा आणि विझायचा, आणि आम्ही मुली रस्त्यापलीकडे उभ्या राहून त्याच्याकडे बघत बसायचो. त्यामुळे खारूने तिचा गेम पहिल्यांदा लावला आणि पडद्यावर तसल्या दिव्यांचं शहरच्या शहर पेटलं, तेव्हा मी आधी तो बूट शोधला.

खारू म्हणजे माझी नात. तिने आणि तिच्या मैत्रिणीने, दोघींनीच मिळून हा गेम बनवला. कंपनी नाही, साहेब नाही. आमचं जेवणाचं टेबल हेच त्यांचं ऑफिस. गोष्ट पुढच्या काळातली. माणसांच्या डोक्यात तारा बसवलेल्या, पावसावरसुद्धा कुणाची तरी मालकी, आणि ठिणगी नावाची एक मुलगी लोकांच्या चोरलेल्या आठवणी इकडून तिकडे पोचवते. मला समजलं ते इतकंच, की पोरगी पोस्टमनचं काम करते आणि सगळे तिच्या जिवावर उठलेत.

खारूला सोमवारी एका ठिकाणी नोकरीला होकार की नकार ते कळवायचं होतं. तिने स्वतःलाच अट घालून घेतली होती. रविवारपर्यंत कुणीही एका नव्या माणसाने पहिला भाग शेवटपर्यंत खेळून दाखवला, तर गेम चालू ठेवायचा. नाही तर गाशा गुंडाळायचा. मित्रमंडळी आली, ‘भारी आहे गं’ म्हणाली आणि अर्ध्यावर सोडून चहा पिऊन गेली. खारूच्या आईला, म्हणजे आमच्या सूनबाईंना, कामातून सवड नव्हती. मग उरलो मी आणि वन्सं, माझ्या नणंदबाई.

वन्सं माझ्याहून लहान, पण तोरा मोठा. सगळी नोकरी एका कचेरीत टायपिस्ट म्हणून झाली. आता मोतीबिंदूमुळे दिसतं कमी, पण बोटं अजून विजेसारखी. माझं उलटं. नजर शाबूत, बोटं सांध्यांनी धरलेली. म्हणून शनिवारी दुपारी वाटणी झाली : मी बघायचं आणि वाचायचं, त्यांनी कळा दाबायच्या.

“डब्ल्यू पुढे, ए डावीकडे, एस मागे, डी उजवीकडे,” खारूने समजावलं. “आणि एफ म्हणजे विजेचा झटका.”

“मला कळा शिकवतेस होय?” वन्सं म्हणाल्या.

ठिणगी दिमाखात निघाली आणि पुलावर थांबली. मी पाटी वाचायला लागले. अक्षरं मोहरीएवढी, तीही जांभळ्यावर निळी. माझं वाचून व्हायच्या आत ठिणगी सरळ मागे मागे चालत जाऊन कालव्यात पडली. पडता पडता तिने शेजारी छत्री धरून उभ्या असलेल्या एकाला झटकाही दिला.

“वन्सं, मागे का गेलात?”

“मी जागची हलले नाही.”

पुन्हा सुरुवातीपासून. पुन्हा पूल, पुन्हा कालवा, पुन्हा बिचारा छत्रीवाला. बऱ्याच वेळाने खारूची नजर वन्संच्या हाताकडे गेली. टायपिंगच्या क्लासमध्ये बोटं ठेवायची जी जागा शिकवली होती, तिथेच ती विसावली होती : ए, एस, डी, एफ. जुन्या यंत्राच्या कळा जड, नुसतं बोट ठेवून दबायच्या नाहीत. या कळा लोण्यासारख्या. ए आणि डी एकमेकांना खाऊन टाकत, एस तेवढा उरे आणि ठिणगी मागे चाले.

“आत्याआजी, बोटं उचलून ठेव ना.”

“बोटं जागेवर नसली तर आमच्या बाई पट्टी मारायच्या.”

“त्या बाई आता नाहीत गं इथे.”

“तुला काय माहीत,” वन्सं म्हणाल्या, आणि हात पुन्हा तिथेच.

खरं सांगायचं तर गेम मला आवडायला लागला होता. प्रत्येक खिडकीत कुणी ना कुणी होतं. कुणी इस्त्री करतंय, कुणी पोराला रागावतंय. छत्र्या विकणारं यंत्र छत्री घेतली नाही की रुसायचं. इतकं बारीक काम आजकाल कोण करतं? पण मेलं की थेट पहिल्या चौकात, हा कुठला न्याय? आणि नकाशा असा, की त्यापेक्षा रस्त्यात कुणाला तरी विचारलेलं बरं.

रविवारी पाटी वाचायला न थांबता आम्ही कालवा ओलांडला. पलीकडे गोदाम आणि दारावर एक यंत्रमानव दरवान. तो बोलायला लागला. त्याला फार बोलायचं होतं. त्याला घडवणारं जुनं यंत्र, ज्याला तो आई म्हणायचा, ते कुठल्या तरी तळघरात गंजत पडलं होतं. मी वाचत गेले, वन्सं मान डोलवत ऐकत गेल्या, बोटं अर्थातच जागेवर. मी अक्षरांत इतकी गुंतले, की ठिणगी गोदामाच्या भिंतीला पाठ लावून तिला ढकलत बसलीय हे माझ्या लक्षातच आलं नाही. शेवटी भिंतच हरली. ठिणगी तिच्यातून आरपार गेली. शहर वर राहिलं, खाली नुसता अंधार, आणि मग धप्प करून ती एका स्टेशनावर उतरली. पडद्यावर ठळक अक्षरं आली : पहिला भाग पूर्ण.

“संपला,” मी वाचलं.

खारू स्वयंपाकघरातून धावत आली. पडद्याकडे बघून तिचा चेहरा पडला. “शेवटचं स्टेशन मी त्या गोदामाच्या खालीच बांधलंय. तुम्ही भिंतीतून पडलात. हे धरायचं नाही.”

“का? संपला म्हणून लिहून आलंय ना?” वन्सं म्हणाल्या. “भिंत तुझी. ती कच्ची निघाली, त्यात माझा काय दोष?”

“पण ही भिंत आजवर कुणालाच कशी सापडली नाही?” खारू खुर्चीत बसली. “तिथे इतका वेळ थांबलात कशाला?”

“तो दरवान बोलत होता,” मी म्हटलं.

“सगळे त्याचं बोलणं उडवून पुढे जातात, आजी.”

“माणूस बोलत असताना?” वन्संना ते पटलं नाही. “बरं, मधेच पडलो आम्ही. त्याच्या आईचं पुढे काय झालं?”

खारू हळूच म्हणाली, “पुढचं लिहिलेलंच नाही मी. तिथवर कुणी ऐकेल असं वाटलं नव्हतं.”

“म्हणजे तसंच गंजत ठेवणार तिला?” वन्संनी विचारलं.

सोमवारी सकाळी सूनबाईंनी विचारलं, “कळवलंस का नोकरीचं?”

“मुदत मागितली. कुरकुरत दिली त्यांनी,” खारू म्हणाली. टेबलावर कोपरं टेकून ती भराभर काहीतरी लिहीत होती.

“आणि तुझी अट?”

“अट तशीच आहे. पण आधी हे लिहून होऊ दे.”

वन्सं खुर्ची ओढून तिच्या शेजारी जाऊन बसल्या. पडद्यावरचं काही दिसत नसतानाही डोकावल्या. “आईला मारू नकोस म्हणजे झालं.”

“आत्याआजी, ते यंत्र आहे.”

“असेना. आणि त्या दरवानाला म्हणावं, नुसता दारात उभा राहून रडू नकोस, जाऊन भेटून ये.”

खारूने लिहिलेलं खोडलं आणि नव्याने सुरुवात केली.